कुक्कुटमांस व्यापार, घानामधील

कुक्कुटमांस व्यापार, घानामधील : पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात गोठविलेल्या स्थितीत आयात होणारे कोंबडीचे मांस, त्याच्या किंमती व त्या किंमतींचा स्थानिक कुक्कुटपालनावर झालेला परिणाम यांचा समावेश या विषयात होतो. घानातून कोंबडीच्या मांसाची निर्यात नाममात्रच होते. म्हणून येथे निर्यात किंमत म्हणजे मुख्यतः अमेरिका, ब्राझील व यूरोपीय संघातील देश यांनी माल जहाजावर चढविताना आकारलेली किंमत आणि आयात किंमत म्हणजे वाहतूक व विमा धरून तोच माल टेमा बंदरात पोहोचताना पडणारी किंमत होय. या दोन किंमतींविषयी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठा वाद झाला. शेतकरी संघटना, आयातदार, सरकार, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व न्यायालय हे सर्व त्यात ओढले गेले. वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र साधा आहे : दूरच्या देशातून, उणे १८° से. तापमानात, हजारो किमी. प्रवास करून आलेली कोंबडी शेजारच्या खुराड्यातील कोंबडीपेक्षा स्वस्त कशी पडते?

घानात व्यापारी तत्त्वावरील कुक्कुटपालनाचा आरंभ स्वातंत्र्यानंतर (६ मार्च १९५७) झाला. तत्पूर्वी घरोघरी परसात गावठी पक्षी पाळले जात व आजही ग्रामीण भागात पाळले जातात. क्वामे एन्क्रुमा यांच्या राजवटीत सरकारी शेतांवर कोंबड्या पाळण्याचे प्रयोग झाले. त्याच दशकात आक्रा व कुमासी या शहरांच्या आसपास खाजगी कुक्कुटशाळाही उभ्या राहिल्या. क्वाबेना डार्को यांची कुमासी येथील कुक्कुटशाळा या पिढीतील विशेष प्रसिद्ध होय; डार्को हे पुढे १९९२ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार होते. व्यवसायाला तेव्हा किती प्रतिष्ठा होती, हे यावरून दिसते. १९७२ मध्ये आचाम्पाँग यांच्या लष्करी सरकारने अन्नधान्यात स्वयंपूर्ण होण्याची मोहीम हाती घेतली. आयात परवान्यांवर कडक नियंत्रण असल्याने परदेशी कोंबडीची स्पर्धा जवळजवळ नव्हती. तथापि या संरक्षणाची दुसरी बाजूही होती. पक्ष्यांचे खाद्य, औषधे व एक दिवसाची पिल्ले आणण्यासाठी लागणारे परकीय चलनही त्याच परवान्यांत अडकून पडे. १९८३ मधील अवर्षण, वणवे व नायजेरियातून हाकलून दिलेल्या दहा लाखांवर घानावासीयांचे पुनरागमन यांमुळे मक्याची तीव्र टंचाई झाली. माणसालाच मका मिळेना, तेथे कोंबड्यांना कोठून मिळणार? अनेक कुक्कुटशाळा त्या काळात ओस पडल्या. आयात खुली झाल्यावर एक भरभराटीचा धंदा बुडाला, असे चित्र नेहमी रंगविले जाते, ते म्हणूनच पुरते खरे नाही.

१९८३ मध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या साहाय्याने आर्थिक पुनरुत्थानाचा कार्यक्रम स्वीकारला. डॉलरला २.७५ सेडी हा कृत्रिम दर सोडून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो ३० सेडी करण्यात आला व त्यानंतरही अवमूल्यन होत राहिले. परवाना पद्धती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली व तिची जागा आयात शुल्काने घेतली. शेतीला मिळणारी साहाय्येही याच काळात आटली. १९९० च्या दशकात शुल्काचा नेहमीचा वरचा दर २० टक्के होता व कोंबडीचे मांस त्यातच मोडत असे. जागतिक व्यापार संघटनेत घानाने आपल्या बहुतेक शेतमालावर ९९ टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याचा हक्क राखून ठेवला होता. कागदावरचा हक्क ९९ टक्के व प्रत्यक्ष आकारणी २० टक्के, हे अंतर पुढील घटना समजण्यासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आयातीतील वाढ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागली व २००० नंतर ती वेगाने झाली. १९९२ मध्ये स्थानिक उत्पादक बाजारपेठेची ९५ टक्के गरज भागवीत व २००१ मध्ये केवळ ११ टक्के, हा आकडा स्वयंसेवी संस्थांच्या साहित्यात वारंवार आढळतो. तो शब्दशः घेऊ नये, कारण परसातील पक्षी अशा हिशेबात क्वचितच येतात; परंतु घसरणीची दिशा त्यातून बरोबर कळते. २०१० नंतरच्या दशकात वार्षिक आयात बहुतेक वर्षी १ लाख टनांच्या वर राहिली. स्थानिक ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी वाढविलेल्या पक्ष्यांचे उत्पादन या प्रमाणाच्या जवळपासही नव्हते.

किंमतीची घडण : आयात होणारा माल बहुधा अख्खी कोंबडी नसते. तंगड्या, मांड्या, पंख, पाठीचे सांगाडे, माना, पाय व जठर असे सुटे भाग मोठ्या खोक्यांत गोठवून येतात. किंमतीचे रहस्य येथेच आहे. अमेरिका व पश्चिम यूरोपातील ग्राहकांची पसंती छातीच्या पांढऱ्या मांसाला असते. तेथील उत्पादक पक्षी वाढवितो तो मुख्यतः त्या मांसासाठी आणि पक्ष्यावरील बहुतेक खर्चही त्याच्या विक्रीतून भरून काढतो. तंगडीचे मांस आपोआपच निर्माण होते. त्याचे उत्पादन थांबविण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो. मग ते देशात मातीमोलाने विकावे, पाळीव प्राण्यांच्या खाद्याला द्यावे, की परदेशी पाठवावे एवढाच पर्याय उरतो. शीतगृहातील साठवणीचा खर्च भागून थोडे जास्त सुटले, तरी निर्यात त्याला परवडते.

अर्थशास्त्रात यास संयुक्त उत्पादन म्हणतात. आपल्याकडील परिचित उदाहरण कापसाचे देता येईल. जिनिंगमधून रुई व सरकी एकदमच निघतात; सरकीचा भाव कापूस पिकविण्याच्या खर्चावरून ठरत नाही, तेल व पेंड यांच्या मागणीवरून ठरतो. केवळ सरकीसाठी कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्याने त्या भावाशी टक्कर द्यायची ठरविली, तर त्याची जी स्थिती होईल, तीच अख्खी कोंबडी विकणाऱ्या घानातील उत्पादकाची झाली. अमेरिकेच्या घाऊक बाजारात मागचा पाव भाग, म्हणजे तंगडी व मांडी मिळून, चालू शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक काळ पौंडाला २० ते ५० सेंट या दराने विकला जात होता. त्याच काळात हाडे व कातडी काढलेल्या छातीच्या मांसाला बहुधा १ डॉलरच्या वर भाव मिळे. घानातील ग्राहकाला मात्र तंगडी हलकी वाटत नाही. रश्श्यात शिजणारे, हाडासकट चघळता येणारे मांस त्याला छातीपेक्षा अधिक रुचते. एका देशाचा नावडता भाग दुसऱ्या देशाचा आवडता असल्यामुळे हा व्यापार उभा राहिला. त्यात मुळात कोणाची लबाडी नाही.

यूरोपीय संघाच्या निर्यात अनुदानांमुळेच ही स्वस्ताई निर्माण झाली, असा समज मात्र दृढ आहे. ही अनुदाने होती, हे खरे. पण ती प्रामुख्याने मध्यपूर्वेकडे जाणाऱ्या अख्ख्या पक्ष्यांना मिळत. २०१३ च्या जुलैमध्ये कोंबडीवरील अनुदान शून्यावर आणण्यात आले व डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबी येथील मंत्रिपरिषदेत शेतमालावरील निर्यात अनुदाने रद्द करण्याचे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी मान्य केले. त्यानंतरही पश्चिम आफ्रिकेकडे जाणारे खोके कमी झाले नाहीत. ब्राझीलचा माल तर अशा अनुदानावाचूनच स्पर्धेत उतरला. तेथे मका व सोयाबीन घरचे असतात आणि कोंबडीच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो.

हा व्यवहार अवपुंजन, म्हणजे व्यापारी भाषेतील डंपिंग ठरतो की नाही, हे सांगणे यामुळेच अवघड होते. माल उत्पादनखर्चाहून कमी भावाने विकला गेला, असे सिद्ध करावयाचे, तर तंगडीचा उत्पादनखर्च आधी ठरला पाहिजे. एका पक्ष्याचा खर्च त्याच्या भागांवर वजनाच्या प्रमाणात वाटला, तर तंगडी उघडउघड तोट्यात विकली जाते. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला, तर तोटा नाहीसा होतो. चीनने २०१० मध्ये अमेरिकेच्या कोंबडीवर लावलेल्या अवपुंजनविरोधी शुल्कावरून जागतिक व्यापार संघटनेत जो तंटा झाला, त्यात हिशेबाच्या या पद्धतीचा मुद्दा महत्त्वाचा होता. दक्षिण आफ्रिकेने २००० मध्येच अमेरिकन तंगड्यांवर असे शुल्क बसविले. भारताने आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठविताना कोंबडीच्या तंगड्यांवर १०० टक्के शुल्क आकारून हा प्रश्न दाराबाहेर ठेवला. घानाने यांपैकी काहीच केले नाही.

आकडेवारीविषयी एक सावधगिरीची सूचना येथे करणे इष्ट ठरेल. सीमाशुल्काच्या कोष्टकांत दिसणारी ‘सरासरी किंमत’ ही एकूण मूल्याला एकूण वजनाने भागून काढलेली असते. एखाद्या वर्षी पाठीचे सांगाडे अधिक आले व मांड्या कमी आल्या, तर कोणत्याही मालाचा भाव न बदलता ही सरासरी खाली येते. शिवाय जुलै २००७ मध्ये घानाने १०,००० जुन्या सेडींचा १ नवा सेडी केला. त्यापूर्वीचे व नंतरचे भाव एका रांगेत मांडणाऱ्या तक्त्यांत हा बदल विसरला गेल्यास हास्यास्पद निष्कर्ष निघतात. एप्रिल २०१९ मध्ये शुल्क आकारणीसाठी धरावयाची प्रमाण मूल्ये सरकारने निम्म्याने घटविली व २०२२ पासून ही सवलत मागे घेतली. त्यामुळे त्या वर्षांतील शुल्काचा दर व प्रत्यक्ष भरलेले शुल्क यांचाही मेळ बसत नाही.

२००३ चा कायदा : घानाच्या संसदेने २००३ मध्ये ६४१ क्रमांकाचा कायदा संमत करून कोंबडीच्या मांसावरील आयात शुल्क २० वरून ४० टक्के केले, तांदळावरील शुल्क २५ टक्के करण्यात आले. ९९ टक्क्यांच्या मर्यादेत ही वाढ सहज बसत होती. मे महिन्यात सुरू झालेली वसुली थोड्याच दिवसांत सरकारी आदेशाने स्थगित झाली. जॉन कुफोर यांचे सरकार त्यावेळी कर्जमुक्तीच्या आंतरराष्ट्रीय योजनेत सामील झालेले होते व त्याच सुमारास नाणेनिधीचे नवे साहाय्य मंजूर होत होते. ही शुल्कवाढ कार्यक्रमाच्या काळात अंमलात आणली जाणार नाही, असे सरकारने मान्य केल्याची नोंद नाणेनिधीच्या तत्कालीन अहवालात आढळते. दबाव होता की सल्ला, यावर दोन्ही पक्षांनी पुष्कळ लिहिले. ज्या देशाचे कर्ज माफ व्हावयाचे असते, त्याच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक राहत नाही.

संसदेने केलेला कायदा कार्यकारी आदेशाने गुंडाळून ठेवता येतो काय, असा प्रश्न घेऊन कुक्कुटपालकांची संघटना आक्रा येथील उच्च न्यायालयात गेली. २००५ मध्ये न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. स्थगिती बेकायदेशीर ठरली. शेतकऱ्यांचा हा विजय अल्पजीवी ठरला. निकालानंतर लवकरच संसदेने मूळ शुल्कवाढच रद्द केली.

या प्रकरणाकडे एका सार्वभौम संसदेचा पराभव म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. किंमतींच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल तपासून पाहिले पाहिजे. बंदरात किलोला १ डॉलर पडणारा माल घेतला, तर २० टक्के शुल्काने तो १.२० डॉलर व ४० टक्के शुल्काने १.४० डॉलर होतो. अन्य कर बाजूला ठेवल्यास वाढ सु. १७ टक्के भरते. मूल्याधारित शुल्काचा हाच दोष असतो. माल जितका स्वस्त, तितके शुल्कही कमी; म्हणजे संरक्षणाची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते, तेव्हाच ते दुबळे पडते. शेजारच्या आयव्हरी कोस्टने २००५ मध्ये वेगळा मार्ग पत्करला. त्याने आयात कोंबडीवर किलोमागे १,००० सीएफए फ्रँक असा वजनावर आधारित अधिभार बसविला. यूरोशी असलेल्या स्थिर विनिमय दराने (१ यूरो = ६५५.९५७ फ्रँक) तो सु. १.५० यूरो होतो. मांडीचा तुकडा कितीही स्वस्त आला, तरी हा अधिभार कमी होत नव्हता. तेथील आयात त्यानंतर झपाट्याने घटली व स्थानिक उत्पादन वाढले.

इतर शेजाऱ्यांनी सरळ बंदीचा आश्रय घेतला. नायजेरियाने चालू शतकाच्या आरंभीच गोठविलेल्या कोंबडीची आयात बंद केली. परिणामी लहानशा बेनिनची आयात त्याच्या लोकसंख्येला न शोभेल इतकी फुगली व कोटोनू बंदरात उतरलेला माल चोरवाटांनी नायजेरियात जाऊ लागला. कॅमेरूनमध्ये बर्नार न्जोंगा यांच्या नागरी संघटनेने २००४ मध्ये मोहीम उघडली. तिने किंमतीपेक्षा आरोग्याच्या मुद्द्यावर भर दिला : शीतसाखळी तुटून वितळलेले व पुन्हा गोठविलेले मांस खाणे धोक्याचे आहे, हे सामान्य गृहिणीला शुल्काच्या टक्केवारीपेक्षा लवकर पटले. सेनेगलने २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या कारणावरून घातलेली बंदी साथ ओसरल्यावरही कायम ठेवली. तेथे ब्रॉयलर उत्पादन पुष्कळ वाढले. कोंबडीचा भावही अर्थात चढा राहिला.

हा चढा भाव कोणी द्यावयाचा, हा प्रश्न घानातील वादात बहुतेक वेळा अनुत्तरित राहिला. आक्रासारख्या शहरात मजुरी करून राहणाऱ्या कुटुंबाला आयात कोंबडीमुळे मांस परवडू लागले, ही वस्तुस्थिती आहे. शीतगृहाच्या दुकानातून अर्धा किलो पंख किंवा चार मांड्या घेता येतात. जिवंत कोंबडी घ्यावयाची, तर ती अख्खी घ्यावी लागते, मारून, पिसे काढून, साफ करावी लागते. रस्त्यावर तळलेला भात व कोंबडी विकणाऱ्यांचा धंदा तर संपूर्णपणे या खोक्यांवर उभा आहे. किरकोळ विक्रीच्या या साखळीत स्त्रियांची संख्या मोठी आहे. वीजटंचाईच्या वर्षांत (२०१२–१६) त्यांचा माल शीतपेटीत वितळून जाई व तोटा त्यांनाच सोसावा लागे. मेदयुक्त मांसावर घानाने १९९० च्या दशकात मर्यादा घातल्या व टर्कीच्या चरबीयुक्त शेपट्यांची आयात रोखली. हा निर्णय आरोग्याच्या आधारावर होता आणि व्यापारी वाटाघाटींत तो पुष्कळसा टिकला.

खाद्याचा प्रश्न : स्थानिक उत्पादकाच्या अडचणींत परदेशी तंगडीपेक्षा देशी मका अधिक निर्णायक ठरतो, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. मका हे घानात कोंबडीचे खाद्य आहे, तसेच केंके व बांकू या रोजच्या पदार्थांच्या रूपाने माणसाचे मुख्य अन्नही आहे. पीक कमी आले की दोघांत चढाओढ लागते. सोयाबीनची पेंड, जीवनसत्त्वांची मिश्रणे, लशी व एक दिवसाची पिल्ले यांपैकी बरेचसे परदेशांतूनच येते. पिल्ले तर ज्या नेदर्लंड्स व बेल्जियममधून गोठविलेल्या तंगड्या येतात, तेथूनही मागविली जातात. त्यामुळे चलनाचे अवमूल्यन झाले, की आयात मांस महाग होऊन देशी पक्ष्याला संधी मिळावी, हा पाठ्यपुस्तकातील नियम येथे लागू पडत नाही. २०२२ मध्ये डॉलरचा भाव वर्षारंभीच्या सु. ६ सेडींवरून नोव्हेंबरात १४ सेडींच्या वर गेला. युक्रेनमधील युद्धामुळे धान्याचे जागतिक भावही त्याच वर्षी भडकले होते. गोठविलेली कोंबडी महागली; पण खाद्यही तितकेच महागल्याने अनेक कुक्कुटपालकांनी पक्षी वाढविण्याऐवजी विकून टाकले. बर्ड फ्लूचे उद्रेक (२००७, २०१५ व २०२१) हे संकट निराळेच.

रशिया हा दीर्घकाळ अमेरिकन तंगड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता. सोव्हिएट राजवटीच्या अखेरीस आलेल्या या मालाला तेथे ‘बुशच्या तंगड्या’ असे नाव पडले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने पाश्चात्त्य अन्नपदार्थांवर बंदी घातली, तेव्हा अमेरिका व यूरोप या दोहोंना आपल्या मालासाठी दुसरी बाजारपेठ शोधावी लागली. त्यात पश्चिम आफ्रिकेचा वाटा मोठा होता. टेमाच्या धक्क्यावरील भाव मॉस्कोतील निर्णयाने हलू शकतो, हे घानातील उत्पादकाला उमगण्याचे साधन नव्हते. त्याला फक्त बाजारातला भाव उतरलेला दिसला. त्याच वर्षी घाना सरकारने ब्रॉयलर पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली. आयातदाराने आपल्या गरजेच्या ४० टक्के माल देशात खरेदी करावा, असे तिचे मुख्य सूत्र होते. एवढा माल देशात, तोही कत्तल करून, साफ करून, गोठवून मिळेल अशी सोय नसल्याने ती अट प्रायः कागदावर राहिली.

पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाने समान बाह्य प्रशुल्क आखताना ३५ टक्क्यांची पाचवी श्रेणी निर्माण केली. कोंबडीचे मांस तीत समाविष्ट झाले व घानाने २०१६ पासून ते लागू केले. ज्या ४० टक्क्यांवरून २००३ मध्ये एवढे रण माजले, त्याच्या निकटचा दर अशा प्रकारे प्रादेशिक करारातून, फारसा गाजावाजा न होता आला. तोवर स्थानिक ब्रॉयलरचा धंदा इतका आक्रसला होता, की या दराचा लाभ घेणारेच थोडे उरले होते. यूरोपीय संघाशी झालेल्या आर्थिक भागीदारी करारातही (स्वाक्षरी जुलै २०१६) घानाने कोंबडीचे मांस शुल्कमुक्तीच्या यादीतून वगळून घेतले.

आशांटी प्रदेशात व पश्चिमेकडील डोर्मा आहेंक्रो परिसरात कुक्कुटपालन टिकून आहे. मात्र ते अंड्यांसाठी. अंडे गोठवून खोक्यातून येत नाही, त्यामुळे तेथे परदेशी स्पर्धेची झळ कमी लागते. मांसासाठी पक्षी वाढविले जातात ते बहुधा नाताळ व ईस्टरच्या आधी काही आठवडे, जेव्हा जिवंत कोंबडी घरी आणण्याची प्रथा लोक जास्त पैसे मोजूनही पाळतात. वर्षाच्या उरलेल्या काळात अंडी देण्याचे वय सरलेल्या कोंबड्या जिवंत विकल्या जातात. त्यांचे मांस चिवट असते, शिजण्यास वेळ लागतो; तथापि रश्श्यासाठी त्यांना पसंती देणारा ग्राहकवर्ग आजही आहे आणि त्यांचा भाव टेमाच्या भावाकडे फारसे न पाहता ठरतो.